सॉफ्टवेअर मुक्त, पण साठा कुणाकडे?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबवला आणि वसईतल्या नंदाखाल, आगाशी, बोळींज, उमराळ्याच्या पट्ट्यातले कित्येक लॅपटॉप एका दिवसात जुने ठरले. यंत्रं धडधाकट आहेत. त्यांच्यावर मुलांचे प्रकल्प होतात, पतसंस्थेचे हिशेब चालतात, भाजी-फुलांच्या पट्ट्या जपून ठेवलेल्या असतात. फक्त त्यांच्यात विंडोज ११ ला हवी असलेली टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नाही. वर्षभराची मुदतवाढ मिळत होती, पण तीही मायक्रोसॉफ्टच्या खात्याला बांधलेली. अशा वेळी जाणकार सांगतात, ‘लिनक्स टाका.’ सल्ला योग्य आहे, मीही तोच देतो. पण तो देताना एक प्रश्न मागे राहतो. लिनक्स मुक्त आहे, मोफत आहे, त्यावर कुणा कंपनीची मालकी नाही, हे सगळं खरं. मग इंटरनेट नसताना ते किती आपलं असतं?

हा प्रश्न हवेतला नाही. जुलै २०१८ च्या पुरात वसई-विरारच्या कित्येक भागांत वीज गेली ती लवकर आली नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने झाडं आणि खांब आडवे केले. सरकारी आदेशाने नेट बंद होण्याचे प्रसंग तर महाराष्ट्राला आता नवे नाहीत. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात झालं, फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठा आरक्षण आंदोलनाच्या काळात जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत झालं. आणि यातलं काहीच घडलं नाही तरी महिन्याचं रिचार्ज संपलेलं घर असतंच.

मालकीत दोन गोष्टी असतात. एक परवाना, म्हणजे वापरण्याचा, वाटण्याचा, बदलण्याचा हक्क. दुसरी प्रत, म्हणजे तो हक्क ज्यावर बजावायचा ती फाइल. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीने पहिली गोष्ट कायद्याने पक्की केली. दुसरी हळूहळू आपल्या हातून निसटते आहे. वसईच्या वाड्यांत बावखल असायचं. पावसाचं पाणी त्यात साठायचं, केळीला आणि भाजीला तेच पुरायचं, आसपासच्या विहिरींनाही त्याचा आधार असायचा. बावखलं बुजत गेली तसतशी टँकरची वाट पाहण्याची वेळ आली. पाण्यावरचा हक्क कुणी काढून घेतला नव्हता, साठा तेवढा दारातून गेला. मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमचं आज तेच होतं आहे.

बंदिस्त सॉफ्टवेअरची स्थिती याहून वाईट आहे, तेही नोंदवून ठेवू. २००९ मध्ये ॲमेझॉनने ग्राहकांनी पैसे मोजून घेतलेली ऑर्वेलची पुस्तकं त्यांच्या किंडलवरून परस्पर पुसली होती. २०१३ मध्ये ॲडोबीने फोटोशॉपसकट आपला संच मासिक वर्गणीवर नेला. मुंबईत कार्यालय असलेल्या नायरा एनर्जी या तेल कंपनीला जुलै २०२५ मध्ये याहून कडू अनुभव आला. युरोपीय निर्बंधांचं कारण देऊन मायक्रोसॉफ्टने तिच्या कर्मचाऱ्यांच्या ईमेल आणि इतर सेवा थांबवल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग सेवा परत आल्या. पैसे भरलेले होते, करार होता, कंपनी भारतातली होती. तरीही बटण दुसऱ्याच देशात होतं. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत असेल, तर दहावीतल्या मुलीच्या लॅपटॉपची काय सांगावी?

मुक्त सॉफ्टवेअरचा जन्म मात्र इंटरनेटच्या भरवशावर झाला नव्हता, आणि हे आज विसरलं जातं. १९८५ मध्ये या चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन आपला ईमॅक्स हा संपादक चुंबकीय टेपवर भरून १५० डॉलरला पाठवत असत, कारण नेट फार थोड्यांकडे होतं. मुक्त सॉफ्टवेअरच्या जीपीएल परवान्याच्या १९९१ मधल्या दुसऱ्या आवृत्तीत तर याची तरतूदच आहे. प्रोग्रॅम देणाऱ्याने सोबत सोर्स कोड द्यावा, किंवा तो मागेल त्याला पाठवण्याच्या खर्चात, नेहमीच्या वापरातल्या माध्यमावर देण्याचं लेखी वचन द्यावं, आणि ते किमान तीन वर्षं पाळावं. २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत सर्व्हरवरून देण्याची मुभा स्पष्ट शब्दांत आली.

लिनक्सची आवृत्ती बनवणाऱ्या डेबियन या प्रकल्पात परवाने तपासणारे लोक एक कसोटी लावतात, तिला निर्जन बेटाची कसोटी म्हणतात. एक माणूस बेटावर अडकला आहे, त्याच्याकडे सौरऊर्जेवर चालणारा संगणक आहे, बाहेरच्या जगाशी संपर्क नाही. तरीही त्याला सॉफ्टवेअर कायदेशीरपणे वापरता, बदलता आणि सोबत्याला देता आलं पाहिजे. केलेले बदल मूळ लेखकाला कळवलेच पाहिजेत अशी सक्ती करणारा परवाना या कसोटीत नापास होतो. नंदाखालहून अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर गेलं की समोर किल्ल्याचं बेट दिसतं. तिथे आजही वस्ती आहे आणि जायला होडीच लागते. परवान्यापुरतं बोलायचं तर तिथला माणूस पूर्ण स्वतंत्र आहे. अडचण परवान्यानंतर सुरू होते.

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगममार्फत, आणि पुढची दहा वर्षं ते टेलिफोनच्या तारेवरून खरखरत यायचं. त्या काळात लिनक्स आलं ते मासिकांमधून. ‘पीसी क्वेस्ट’च्या अंकासोबत सीडी मिळायची. २००३ मध्ये ‘लिनक्स फॉर यू’ सुरू झालं, त्याच्याही अंकात डिस्क असे. उबुंटू या लिनक्स आवृत्तीची शिपइट योजना तर अनेकांना आठवत असेल. पत्ता कळवला की परदेशातून सीडी घरी यायची, टपालखर्चसुद्धा नाही. २०११ मध्ये ती बंद झाली. २००५ मधली डेबियनची आवृत्ती डझनभराहून अधिक सीडींवर यायची आणि त्यात तिचा सगळा साठा असायचा. पुस्तकांच्या संचासारखा तो घरात राहायचा. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून असेंबल केलेला पीसी आणायचा, कुणाकडून तरी डिस्कचा संच मिळवायचा, विरार लोकलने घरी यायचं, आणि पुढे वर्षभर काही लागलं तर डिस्क बदलायची. त्या यंत्रावर त्या माणसाची मालकी पूर्ण होती.

मग डेटा स्वस्त झाला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि आपणही जगासारखे धरून चालू लागलो की नेट असतंच. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी हे गृहीत आधीच धरलं होतं. त्याचा परिणाम जिथे जिथे दिसतो, त्यातली पहिली जागा म्हणजे खुद्द इन्स्टॉलेशन. डेबियनच्या संकेतस्थळावर पुढे केलेली फाइल छोटी असते, ती बाकीचं सगळं नेटवरून ओढते. उबुंटूने २०२३ च्या शेवटच्या आवृत्तीपासून किमान साधनांचं इन्स्टॉलेशन हेच नेहमीचं केलं. त्यात ब्राउझर येतो, पण लिबरऑफिस हवं असेल तर विस्तारित पर्याय निवडावा लागतो. नेट असलेल्याला फरक पडत नाही. नेट नसलेला माणूस मात्र एका चुकीच्या टिचकीमुळे लिहायच्या साधनावाचून राहतो.

जुन्या लॅपटॉपच्या वायफायची गोष्ट तर छळणारी आहे. ब्रॉडकॉमसारख्या काही चिपना चालायला कंपनीचं बंदिस्त फर्मवेअर किंवा ड्रायव्हर लागतो. मुक्ततेच्या तत्त्वासाठी डेबियन ते इन्स्टॉलरमध्ये ठेवत नसे. म्हणजे वायफाय सुरू करायला ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर आणायला वायफाय हवं. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, ती ही स्थिती. २०२२ मध्ये डेबियनच्या सभासदांनी मतदान घेऊन धोरण बदललं आणि जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून असं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येऊ लागलं. तत्त्वाच्या कट्टर लोकांना ते रुचलं नाही. मला निर्णय बरोबर वाटतो. ज्याच्या हातात यंत्र सुरूच होत नाही, त्याला तत्त्वाचा काय उपयोग? बाकी अडलेल्यांसाठी एक साधी वाट आहे. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू केलं, की बहुतेक वेळा वायफायच्या ड्रायव्हरशिवायही लिनक्सला नेट मिळतं. एकदाच, गरजेपुरतं.

याहून खोल बदल ॲप मिळण्याच्या पद्धतीत झाला. २०२२ च्या उबुंटूमध्ये फायरफॉक्स फक्त स्नॅप या स्वरूपात आला. स्नॅपची संगणकातली बाजू मुक्त आहे, पण ज्या दुकानातून स्नॅप येतात त्याचा सर्व्हर कॅनॉनिकल या एकाच कंपनीचा आहे आणि त्याचा कोड बंद आहे. स्नॅप आपोआप अद्ययावत होतात. हे अपडेट अनिश्चित काळ थोपवायची सोय २०२२ च्या अखेरीस मिळाली, तोवर फक्त पुढे ढकलता येत होतं. स्नॅपची फाइल उतरवून दुसऱ्या संगणकावर नेता येते, पण सोबत तिची प्रमाणपत्राची फाइल नेली नाही तर इन्स्टॉल करताना ‘धोकादायक’ असा पर्याय द्यावा लागतो. लिनक्स मिंटने २०२० मध्येच स्नॅपला दार बंद ठेवलं, म्हणून आमच्या भागातल्या जुन्या लॅपटॉपसाठी मी मिंटचं नाव आधी घेतो. फ्लॅटपॅकमध्ये पेनड्राइव्हवर ॲप भरून देण्याची वेगळी आज्ञा आहे, आणि कमी नेटच्या देशांसाठी काम करणाऱ्या एंडलेसच्या मंडळींनी ती वाट विशेष जोपासली. ॲपइमेज ही तर एकच फाइल, कॉपी करून चालवायची. तरी तिथेही ठेच लागते. उबुंटू २२.०४ मध्ये तिला लागणारी एक छोटी लायब्ररी आधीपासून नसते. ती आणायला पुन्हा नेट.

फोनवर चित्र आणखी स्पष्ट आहे. बहुतेक घरांचा खरा संगणक तोच. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचा आणि मुक्त आहे, पण रोजचा व्यवहार गुगलच्या बंदिस्त सेवांवर चालतो. ऑगस्ट २०२५ मध्ये गुगलने जाहीर केलं की प्रमाणित फोनवर ओळख पडताळलेल्या डेव्हलपरांचीच ॲप बसतील, सुरुवात २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडपासून. विरोध झाल्यावर जाणत्या वापरकर्त्यांसाठी वेगळी वाट ठेवायचं कंपनीने मान्य केलं. एफ-ड्रॉइडसारख्या मुक्त भांडारात शेजारच्या फोनला नेटशिवाय ॲप देण्याची सोय आहे. तिचं भवितव्य अशाच निर्णयांवर लटकलेलं राहील.

आता मराठीकडे वळू. ऑफलाइन आहे म्हणजे आपलं आहे, एवढं ते सरळ नाही, हे मराठी छपाईने शिकवलं आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी अनेक छापखान्यांत आणि डीटीपी केंद्रांत चाललं. एकदा विकत घ्यायचं, संगणकाला डाँगल लावायचं, नेटची गरज नाही. पण मजकूर युनिकोडमध्ये नसे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर वीस वर्षांपूर्वीचा अंक उघडला तर अगम्य खुणा दिसतात, आणि डाँगल बिघडलं की सगळंच अडतं. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी दीर्घकाळ संपादित केलेल्या ‘सुवार्ता’सारख्या नियतकालिकांनी खिळ्यांपासून डीटीपीपर्यंतचा सगळा काळ पाहिला. त्या काळातला किती मराठी मजकूर आज बंद स्वरूपाच्या फायलींत पडून असेल, याची मला फार खंत वाटते. प्रत आपल्याकडे आणि फाइलचं स्वरूप परक्याचं, ही मालकी अर्धीच.

म्हणून मुंबई-पुण्यात मुक्त मराठीसाठी झालेलं काम मोलाचं आहे. व्हीजेटीआयचे प्रा. जितेंद्र शहा यांच्या इंडिकट्रान्स गटाकडून गार्गी हा मुक्त देवनागरी फॉन्ट आला. रेड हॅटच्या पुणे कार्यालयातल्या लोकांनी लोहित फॉन्टवर आणि लिनक्सच्या मराठीकरणावर वर्षानुवर्षं खपून काम केलं. हे फॉन्ट डेबियनच्या साठ्यात आहेत, कुणीही कॉपी करावेत. इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये आधीपासून असतो, फोनेटिक हवा तर आयबस या टंकलेखनाच्या साधनात मिळतो, आणि दोन्हींना नेट लागत नाही. छापील मराठी पान वाचून मजकूर करणारं टेसरॅक्ट नेटशिवाय चालतं, त्याची मराठीची फाइल छोटी आहे. बोलून टाइप करायचं म्हटलं की मात्र आवाज बहुधा गुगलच्या सर्व्हरकडे जातो. ओपनएआयने २०२२ मध्ये मुक्त परवान्याने दिलेलं व्हिस्पर घरच्या संगणकावर चालतं, मराठीही घेतं, पण चुका बऱ्याच करतं. इथे मराठी माणसांनी काम करायला भरपूर वाव आहे.

ऑफलाइन शिक्षणाचा सर्वात लक्षणीय प्रयोगही महाराष्ट्रातलाच. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराट-धनगरवाडा इथल्या एकशिक्षकी शाळेत वीसेक मुलांना ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’चे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप मिळाले. आत लिनक्स, वर शुगर नावाचा मुलांसाठीचा पडदा. लॅपटॉप टॉवरशिवाय आपसांत बोलू शकत आणि मुलं एकाच चित्रावर किंवा मजकुरावर मिळून काम करू शकत. जगभर त्या प्रकल्पाच्या वाट्याला पुढे अपयश बरंच आलं. पण यंत्रांनी आधी एकमेकांशी बोलावं आणि मग जगाशी, हा त्याचा विचार मला आजही खरा वाटतो. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने एमआयटी आणि टाटा ट्रस्ट्ससोबत चालवलेल्या क्लिक्स उपक्रमाने तो मोठ्या प्रमाणावर अमलात आणला. राजस्थान, छत्तीसगड, मिझोराम, तेलंगणातल्या सरकारी शाळांत प्रयोगशाळेतच सर्व्हर ठेवला, धडे त्यावर. नेट नसलं तरी तास अडत नसे. या उपक्रमाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे व्हिडिओही उतरवून नेता येतात, त्यांत मराठी आवाजातलेही आहेत. केरळने तर शाळांसाठी स्वतःची लिनक्स आवृत्ती बांधली, शिकवायची सगळी साधनं आतच भरून. महाराष्ट्रात एमएस-सीआयटीने लाखोंना संगणक शिकवला, पण विंडोजवर. ही संधी आपण घालवली, असं माझं स्पष्ट मत आहे.

यावर सुरक्षेचा आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. नेट नाही म्हणजे अपडेट नाहीत, जुन्या डिस्कमध्ये जुनी भोकं, आणि पेनड्राइव्हने तर विषाणू फिरतात. २०१० मधलं स्टक्सनेट इराणच्या अणुप्रकल्पात अशाच वाटेने शिरलं. पण डेबियनच्या कुळातल्या प्रणालींमध्ये एक गोष्ट मोलाची आहे. पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरचा गठ्ठा, कुठून आलं याला महत्त्व नाही, पॅकेजांच्या यादीवर डिजिटल सही कुणाची आहे याला आहे. सही तपासायची किल्ली संगणकातच असते. साठा मित्राच्या डिस्कवरून आला असो की सर्व्हरवरून, एका अक्षराचा फेरफार असला तरी पकडला जातो. ब्राउझरसारखी साधनं जमेल तेव्हा अद्ययावत करावीत, बँकेचं काम जुन्या ब्राउझरवर करूच नये. पण लिहिणं, हिशेब, चित्र, अभ्यास यांसाठी दोन-चार महिन्यांनी अपडेट मिळालं तरी चालतं.

ते मिळवायचं कसं, हे एकदा जवळून पाहू. रितेश राज सराफ या भारतीय डेबियन डेव्हलपरने ॲप्ट-ऑफलाइन नावाचं साधन लिहिलं आहे. समजा नंदाखालच्या घरातल्या नेट नसलेल्या लॅपटॉपवर चित्रं काढायचं इंकस्केप आणि मराठी टेसरॅक्ट हवं आहे. त्या लॅपटॉपवर ‘सेट’ ही आज्ञा दिली की साधन काय आधीच आहे ते पाहतं, काय लागेल त्याचा हिशेब करतं आणि एक छोटी मजकूर फाइल बनवतं. तिच्यात प्रत्येक पॅकेजचा पत्ता, आकार आणि पडताळणीचा आकडा असतो. ती पेनड्राइव्हवर घेऊन नेट असलेल्या संगणकाकडे जायचं, मग तो विंडोजवाला असला तरी चालेल. तिथे ‘गेट’ दिलं की सगळं उतरून एका गठ्ठ्यात बांधलं जातं. घरी येऊन ‘इन्स्टॉल’. राहून गेलेल्या एखाद्या पूरक पॅकेजसाठी पुन्हा फेरी मारावी लागत नाही, हे त्याचं मोठं काम. अशाच प्रकारे क्यूबात दर आठवड्याला सुमारे एक टेराबाइटचं ‘पाकेते’ डिस्कवरून घरोघरी फिरतं, त्यात मालिका असतात तसं सॉफ्टवेअरही असतं. हातोहात वाटप ही मागासलेपणाची खूण मानायचं कारण नाही.

ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मध्ये जवळपास ७० हजार पॅकेजेस आहेत. त्यात जुन्या ३२ बिट संगणकांसाठी इन्स्टॉलर उरला नाही, एवढी खूणगाठ बांधावी. बाकी साध्या ६४ बिट संगणकासाठीचा हा सगळा स्थिर साठा एका टेराबाइटच्या डिस्कवर मावतो. एकेका घराने तो ठेवावा असं मी म्हणणार नाही, पण गावाने ठेवावा. नंदाखाल, आगाशी, निर्मळ, भुईगावच्या शाळांनी आणि वाचनालयांनी एक पोर्टेबल डिस्क घ्यावी. तिच्यावर मिंट आणि डेबियनच्या पूर्ण फायली, डेबियनचा साठा, मराठी फॉन्ट, किविक्समधून वाचता येणारा मराठी विकिपीडिया आणि स्पोकन ट्युटोरियलचे मराठी धडे भरावेत. पडताळणीचे आकडे कागदावर छापून कपाटाच्या दारावर लावावेत. वर्षातून दोनदा, गणपतीनंतर आणि परीक्षांनंतर, साठा नव्याने भरावा. हे काम अकरावी-बारावीतली दोन मुलं सुट्टीत करू शकतात. पुढच्या पावसाळ्याआधी तुमच्या गावात अशी एक डिस्क तयार ठेवा, आणि जो मागेल त्याला कॉपी करून द्या. परवान्याने तशी पूर्ण मुभा दिलेली आहे.